सीईटीचा पेपर सुटत नाही : ९० मिनिटांत १०० प्रश्न कसे बसवायचे?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. लेक बारावीला आहे, पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित). बोर्डाची परीक्षा संपली आणि आता एमएचटी-सीईटीची, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेच्या राज्य प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. अभ्यास बरा आहे, म्हणजे घरी बसून एकेक प्रश्न दिला तर बहुतेक येतात. पण वेळ लावून मॉक (सराव परीक्षा) दिली की फिजिक्स-केमिस्ट्रीच्या शंभरातले पंधरा-सतरा प्रश्न बघायचेच राहतात. गणितात पन्नासपैकी पस्तिसाच्या पुढे गाडी जात नाही. पेपर संपल्यावर राहिलेले प्रश्न ती सोडवते तेव्हा त्यातले निम्मे सोपे निघतात, मग चिडचिड आणि रडारड.

क्लासचे सर म्हणतात 'स्पीड वाढव'. पण कसा वाढवायचा ते कोणी सांगत नाही. इथे बरेच शिक्षक आणि नुकतीच परीक्षा दिलेली मुलं आहेत म्हणून विचारते. तिने नेमकं काय बदलावं?

आयटीवाला_काका

साधं गणित आहे ताई. ९० मिनिटं म्हणजे ५४०० सेकंद, १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. गणिताला ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे १०८ सेकंद. घरी स्टॉपवॉच लावा. ५४ सेकंद झाले की पुढचा प्रश्न. महिनाभरात सवय लागते.

गणिताचा_मास्तर

काका, भागाकार बरोबर आहे, उपाय पटत नाही. दर ५४ सेकंदांनी घड्याळाकडे बघणारा मुलगा प्रश्नाकडे कधी बघणार? शिवाय सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नसतात. केमिस्ट्रीत 'खालीलपैकी कोणता पॉलिमर जैवविघटनशील आहे' याला दहा सेकंद पुरतात. घूर्णन गतीचं गणित दोन मिनिटं खाऊ शकतं. सरासरी ही सरासरीच, ती प्रत्येक प्रश्नावर लादली की दहा सेकंदांच्या प्रश्नावर मूल रेंगाळतं आणि दोन मिनिटांचा प्रश्न अर्ध्यावर सोडतं.

ताई, तुमच्या पोस्टमधली एक ओळ महत्त्वाची आहे : राहिलेल्यांतले निम्मे सोपे निघतात. म्हणजे लेकीचा वेग कमी नाहीये. ती पेपर क्रमाने सोडवते आणि मधल्या अवघड प्रश्नांवर अडून बसते. तिला वेगाने सोडवायला शिकवण्याआधी लवकर सोडून द्यायला शिकवा.

ही परीक्षा कशी बांधली आहे ते आधी नीट बघू. पहिली ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री, प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. वेळ संपली की तो भाग आपोआप सबमिट होतो आणि गणित उघडतं : ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, पुन्हा ९० मिनिटं. इथला वेळ तिथे नेता येत नाही. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. या दोन गोष्टींवर सगळी आखणी उभी राहते, बाकी सगळं तपशील.

वेळ पुढे नेता येत नसल्याने फिजिक्स-केमिस्ट्रीत लवकर संपवून फायदा शून्य. शेवटच्या मिनिटापर्यंत काम करायचं. आणि निगेटिव्ह नसल्याने एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे गुण दारात येऊन उभे आणि आपण कडी लावून बसलो.

फेऱ्या तीन. पहिल्या फेरीत पहिल्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत जायचं, वाचल्यावर रस्ता दिसला तर सोडवायचा, नाही दिसला तर पुढे. 'रस्ता दिसला' याची कसोटी अशी : वाचून संपल्यावर पंधरा-वीस सेकंदांत पहिली ओळ कागदावर उतरली पाहिजे. पेन हवेत असेल तर तो प्रश्न आत्ता आपला नाही. दुसऱ्या फेरीत जे जमण्यासारखे पण लांबलचक होते ते. तिसऱ्या फेरीत अंदाज.

माझ्या मुलांना मी ढोबळ वेळ देतो : केमिस्ट्रीची पहिली फेरी ३० मिनिटांत, फिजिक्सची ४० ते ४५ मिनिटांत, उरलेल्या पंधरा-वीस मिनिटांत दुसरी-तिसरी. घड्याळ या टप्प्यांवरच बघायचं, प्रश्नाप्रश्नाला नाही.

बिनधास्त_बॅकबेंचर

मास्तरांना +१००. गेल्या वर्षी दिली, आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे (आणि तिथेही पेपर सुटत नाही, पण तो वेगळा धागा).

माझ्याकडून स्क्रीनबद्दल थोडं, कारण हे कोणी शिकवत नाही. उजव्या हाताला प्रश्न क्रमांकांचे चौकोन असतात. उत्तर दिलेला हिरवा, बघून सोडलेला लाल, रिव्ह्यूला (पुन्हा बघायला) ठेवलेला जांभळा, न उघडलेला पांढरा किंवा राखाडी. हे रंग म्हणजे तुमचा नकाशा आहे. दुसऱ्या फेरीत 'पुढचा प्रश्न' दाबत बसू नका, थेट लाल-जांभळ्या आकड्यावर क्लिक करा.

पण सांभाळून! पर्याय निवडला आणि 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता थेट चौकोनावर क्लिक केलं की निवडलेलं उत्तर सेव्ह होत नाही. बऱ्याच संगणकीय परीक्षांत हेच असतं आणि सूचनांच्या पानावर लिहिलेलंही असतं, वाचतं कोण? माझ्या शेजारच्या मित्राची मॉकमध्ये अशी सहा उत्तरं हवेत गेली होती.

दुसरं, जांभळ्याचे दोन प्रकार असतात. नुसता रिव्ह्यू आणि उत्तर देऊन रिव्ह्यू. उत्तर देऊन रिव्ह्यूला ठेवलेलं साधारणपणे तपासायला धरतात, नुसता रिव्ह्यू म्हणजे कोराच. म्हणून माझा नियम : सोडताना सुद्धा त्या क्षणी जो पर्याय बरा वाटतो तो ठोकून मगच रिव्ह्यूला टाकायचा. परत यायला वेळ नाही मिळाला तरी काहीतरी गेलेलं असतं.

परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सरावाची लिंक येते, ती प्रश्नांसाठी नाही तर या बटणांसाठी एकदा तरी द्या.

भावी_आयआयटीयन

असहमत. अंदाज ठोकण्याची सवय घातक आहे. आमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून सांगतात, खात्री नसेल तर हात लावू नका. अ‍ॅक्युरसी इज एव्हरीथिंग.

गणिताचा_मास्तर

@भावी_आयआयटीयन, जेईई मेनला, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेला, तुमचे सर बरोबर आहेत. तिथे बरोबरला ४ आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर उणे १. तीन तासांत ७५ प्रश्न, तिन्ही विषयांत कसंही फिरा. ती परीक्षा विचार करायला वेळ देते आणि चुकीची किंमत घेते. सीईटी वेळ देत नाही आणि चुकीची किंमतही घेत नाही. एकीची सवय दुसरीत नेली की हुशार मुलं आपटतात. जेईईत ९५ पर्सेंटाइल (शंभरातल्या पंच्याण्णवांच्या बरोबर किंवा पुढे) आणि सीईटीत त्याहून कमी, अशी मुलं दरवर्षी दिसतात, आणि विचारलं की सांगतात, 'सर, वीस प्रश्न सोडले.' का सोडलेस बाबा?

आकड्यात सांगतो. गणितात दहा प्रश्न कोरे राहिले तर गुण शून्य. चारांतला एक पर्याय डोळे मिटून निवडला तरी सरासरीने अडीच बरोबर, म्हणजे ५ गुण. दोन पर्याय खोडता आले तर सरासरी १० गुणांवर जाते. आता ५ गुण मिळवायला सरळ मार्गाने किती मिनिटं लागतात बघा.

आयटीवाला_काका

मान्य. मग डोळे मिटून निवडायचं तर सगळीकडे एकच पर्याय निवडावा की वेगवेगळे?

बिनधास्त_बॅकबेंचर

काका, संभाव्यता सारखीच, पण एकच ठरवून ठेवला की विचार वाचतो. पर्यायावर क्लिक, सेव्ह अँड नेक्स्ट, पर्यायावर क्लिक. एका प्रश्नाला तीन-चार सेकंद. शेवटची दोन मिनिटं राखली तरी पंचवीसेक प्रश्न भरून होतात. फक्त ही दोन मिनिटं खरंच राखायची. 'हा एवढा शेवटचा सोडवतो' म्हणणारे तिथेच बुडतात, कारण घड्याळ शून्यावर आलं की स्क्रीन तुम्हाला विचारत नाही.

बेंझिनचं_कडं

केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे माझा पक्ष उघड आहे : केमिस्ट्री आधी. सीईटीची केमिस्ट्री बालभारतीच्या पुस्तकातून येते, अगदी तक्ते, चौकटी, 'तुम्हाला माहीत आहे का' यांसकट. बायोमॉलिक्यूल्स, पॉलिमर, हरित रसायनशास्त्र, १६ ते १८ गटांची मूलद्रव्यं, हे एक तर आठवतं किंवा आठवत नाही. विचार करून आठवत नाही. त्यामुळे तिथे वेळ घालवणं हा निव्वळ तोटा.

मुलांचा वेळ जातो तो भौतिक रसायनशास्त्रात. उदाहरण देते. 'प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल २० मिनिटं, ८७.५ टक्के अभिक्रिया पूर्ण व्हायला किती वेळ?' निम्मी मुलं लगेच २.३०३ भागिले के, लॉग अमुक भागिले तमुक असं मांडायला घेतात. अहो, ८७.५ टक्के संपलं म्हणजे १२.५ उरलं. १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे १२.५. तीन अर्धायुकाल, ६० मिनिटं, संपलं. ७५ टक्के म्हणजे दोन, ९९.९ टक्के म्हणजे जवळपास दहा. कॅल्क्युलेटर नसलेल्या परीक्षेत पेपर काढणाऱ्यालाही आकडे असेच सुटसुटीत द्यावे लागतात, हे मुलांच्या डोक्यात शिरलं की अर्धा वेळ वाचतो. आकडेमोड फारच घाणेरडी होऊ लागली तर समजावं की रस्ता चुकला.

बिनधास्त_बॅकबेंचर

मॅडम, दंडवत, पण मी फिजिक्स आधी घेतलं होतं. डोकं ताजं असताना अवघड काम. केमिस्ट्री शेवटी थकलेल्या डोक्यानेही होते.

बेंझिनचं_कडं

होते, पण फिजिक्स आधी घेणारा पंचेचाळीस मिनिटांत थांबतो का? तो साठ-पासष्टपर्यंत वाहवत जातो आणि मग पुस्तकातले फुकटचे गुण उरलेल्या पंचवीस मिनिटांत पळत पळत गोळा करतो. तुला थांबता आलं असेल, सगळ्यांना येत नाही.

बिनधास्त_बॅकबेंचर

खरं सांगायचं तर मलाही बाबांनी घड्याळ घेऊन मागे बसून शिकवलं ते. चालू द्या.

गणिताचा_मास्तर

यावर भांडण नको, दोन्ही क्रम मॉकमध्ये करून बघा आणि परीक्षेच्या पंधरा दिवस आधी एक पक्का करा. मात्र परीक्षेच्या खुर्चीत बसून क्रम बदलायचा नाही.

फिजिक्सवरही एक सांगून ठेवतो. गुणोत्तराचे प्रश्न ओळखायला शिकवा. 'उपग्रहाच्या कक्षेची त्रिज्या दुप्पट केली तर आवर्तकाल किती पट?' इथे पृथ्वीचं वस्तुमान, गुरुत्व स्थिरांक काही नको. आवर्तकालाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे २ चा घन ८, त्याचं वर्गमूळ २√२. वीस सेकंद. पूर्ण सूत्र लिहून किमती भरणारा दीड मिनिट घालवतो आणि वर दशांश चिन्ह चुकवतो.

आता गणित, कारण खरा निकाल तिथे लागतो : २०० पैकी १०० गुण. इथे मुलांना वाटतं की प्रश्न 'सोडवायचा' असतो. बोर्डात सोडवायचा असतो, पायऱ्यांना गुण असतात. इथे चारांतून एक निवडायचा असतो. फरक दाखवतो.

समजा प्रश्न असा : (१, २, १), (२, ०, ३) आणि (३, १, ०) या बिंदूंतून जाणाऱ्या प्रतलाचं समीकरण कोणतं? पर्याय :
अ) ४एक्स + ५वाय + ३झेड = १७
ब) ४एक्स − ५वाय + ३झेड = −३
क) ५एक्स + ४वाय + ३झेड = १६
ड) ३एक्स + ५वाय + ४झेड = १७

बोर्डाची सवय लागलेला मुलगा दोन सदिश काढतो, त्यांचा सदिश गुणाकार करतो, निश्चयक मांडतो, एका चिन्हाची चूक करतो, पुन्हा मांडतो. त्याऐवजी बिंदू पर्यायांत टाका. पहिला बिंदू टाकला तर चारही पर्याय पास होतात, पेपर काढणाराही काही दुधखुळा नसतो. दुसरा टाका, (२, ०, ३). यात वाय शून्य आहे, म्हणजे आकडेमोड अर्धी झाली. अ मध्ये ८ + ९ = १७, जुळलं. ब मध्ये १७, हवे −३. क मध्ये १९, हवे १६. ड मध्ये १८, हवे १७. उत्तर अ. तिसऱ्या बिंदूला हात लावायची गरज नाही. अनुभवी मुलगा तर शून्य असलेला बिंदूच आधी उचलतो.

रेषीय प्रायोजनात कोपऱ्याचे बिंदू, अनिश्चित संकलनात उत्तराचं विकलन करून मूळ फलन येतं का, अवकल समीकरणात उकल टाकून बघणं, त्रिकोणमितीत ३० किंवा ४५ अंश ठेवून पर्याय खोडणं, सगळीकडे हेच. सगळ्या प्रश्नांना चालत नाही, पण जिथे चालतं तिथे १०८ सेकंदांतले साठ-सत्तर वाचतात आणि ते खरोखर अवघड प्रश्नाला मिळतात.

अकरावीचा भाग विसरू नका. पेपरात त्याचा वाटा २० टक्के, म्हणजे पन्नासांत साधारण दहा प्रश्न. संमिश्र संख्या, वर्तुळ, क्रमचय-संचय. अकरावी झोपेत काढलेली मुलं या दहांवर सगळ्यात जास्त अडकतात. येत नसेल तर पहिल्या फेरीत सरळ ओलांडायचे.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. एक शंका, उत्तर काढलं आणि ते चारही पर्यायांत नसलं तर?

गणिताचा_मास्तर

एकदा चिन्हं तपासायची, फार तर अर्धा मिनिट. मग जवळचा पर्याय टाकून पुढे. प्रश्नच चुकीचा असू शकतो. २०२५ साली एका सत्रातल्या गणिताच्या पेपरात बरेच प्रश्न चुकीचे निघाले आणि त्या सत्रातल्या मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. अशा वेळी जो प्रत्येक चुकीच्या प्रश्नावर तीन-तीन वेळा आकडेमोड करत बसला त्याचे बरोबर असलेले प्रश्नही गेले. प्रश्न चुकीचा आहे हे सिद्ध करणं हे पेपर संपल्यानंतरचं काम, त्यासाठी उत्तरतालिका आल्यावर आक्षेप नोंदवता येतो.

आणि पेपर अवघड गेला तर घाबरायचं नाही. अनेक सत्रांत परीक्षा होते, पर्सेंटाइल त्या त्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत काढतात. तुमच्या खुर्चीवर अवघड असलेला पेपर त्या सत्रातल्या सगळ्यांच्याच खुर्चीवर अवघड असतो.

मराठवाडी_माणूस

आमच्या भाच्यासाठी विचारतोय, पेपर मराठीत घेता येतो का? त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून वेळेच्याच धाग्यात विचारतो.

बेंझिनचं_कडं

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला मराठी आणि उर्दूचा पर्याय असतो, गणित फक्त इंग्रजीत. अर्ज भरतानाच निवडायचं असतं. पण भाच्याने अकरावी-बारावी इंग्रजीतून केली असेल तर विचार करून निवडा. 'विद्युतअपघटन' आणि 'संप्लवन' वाचून इलेक्ट्रोलिसिस आणि सब्लिमेशन आठवायला लागणार असेल तर वेळ वाचायच्या ऐवजी जाईल.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार! मधल्या काळात लेकीने तीन फेऱ्यांची पद्धत धरून मॉक दिल्या. पहिली अगदीच फसली, सोडलेला प्रश्न डोक्यातून जात नव्हता म्हणे, पुढचा वाचताना मागचाच घोळत होता. नंतर जमायला लागलं. आता कोरा प्रश्न एकही राहत नाही. गुण वाढलेत, पण फिजिक्समध्ये येत असलेल्या प्रश्नांत चुका वाढल्यात. आणि दुसऱ्या फेरीत प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो, त्यात वेळ जातो. यावर काही?

बिनधास्त_बॅकबेंचर

ताई, कच्च्या कामाचा कागद कसा वापरते ते बघा. माझा आधी रणांगण असायचा. मग कागदाला मधोमध उभी घडी घालायला लागलो, प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक लिहून त्याला गोल, त्याखाली काम, मग आडवी रेघ. सोडलेल्या प्रश्नापुढे दोन शब्द : 'लेन्झ, चिन्ह?' किंवा 'ब-ड मध्ये अडकलं'. परत आलो की तिथूनच सुरू. स्क्रीनवर प्रश्न आणि टेबलावर कागद असल्याने मान सारखी वरखाली होते आणि ०.५ चं ०.०५ तिथेच होतं. म्हणून दिलेल्या किमती आधी कागदावर उतरवायच्या, मग स्क्रीनकडे बघायचंच नाही, थेट पर्याय बघायला वर.

आणि मॉक मोबाईलवर देत असेल तर बंद करा. माउस, बसलेली पाठ आणि कागद असाच सराव पाहिजे. घरी संगणक नसेल तर सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये तरी.

गणिताचा_मास्तर

चुका वाढल्या त्याचं कारण वेग नसावा. दोन मॉकच्या चुका काढून तीन ढीग करा : सूत्र चुकलं, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. तिसरा ढीग मोठा निघेल असा माझा अंदाज. 'खालीलपैकी कोणतं चूक आहे' मधला 'चूक' शब्द, किंवा त्रिज्या दिलेली असताना व्यास धरणं. पर्याय निवडण्याआधी प्रश्नाची फक्त शेवटची ओळ पुन्हा वाचायची, दोन-तीन सेकंद लागतात.

कोयनाकाठ

मास्तर, आत्ताच बसून ढीग केले. तिसराच मोठा आहे! तिला सांगितलं तर म्हणते, 'आई, हे मला कधीचं माहीत होतं.' असो. तिची परीक्षा दुपारच्या सत्रात आली तर जेवणाचं काय करावं? ती जेवली की पेंगते.

बेंझिनचं_कडं

आत्तापासून मॉक दुपारी दोन ते पाचमध्येच घ्या, अंगवळणी पडेल. सत्र प्रवेशपत्र आल्यावर कळतं, सकाळचं आलं तर घड्याळ बदला. जेवण हलकं आणि लवकर, कारण केंद्रावर बरंच आधी पोचायचं असतं.

नीटवाली_आई

उशिरा धागा वाचला. आमच्या मुलाचा पीसीबी आहे, म्हणजे गणिताऐवजी बायोलॉजी. बायोलॉजीचे १०० प्रश्न, ९० मिनिटं. हेच सगळं लागू होतं का?

बिनधास्त_बॅकबेंचर

फेऱ्या आणि शेवटची दोन मिनिटं, दोन्ही लागू. पण बायोत आकडेमोड नाही, वाचन जास्त, त्यामुळे पहिली फेरी तासाभरात व्हायला हवी. पुढचं बायोवाल्यांनाच विचारा, वेगळा धागा काढा. इथे गणितवाल्यांची गर्दी आहे, तुमचा प्रश्न प्रतलांमध्ये हरवेल.